भुसावळ ते राजघाट : घरच्यांचा नकार आणि माझा प्रवेश

वाराणसीत राजघाटावरच्या महाविद्यालयात मी घेतलेल्या प्रवेशाला वडिलांनी आजतागायत ‘हो’ म्हटलेले नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी मी अशा विषयावर जे काही वाचत असे, त्यात शेवटी आईवडील आनंदाने तयार झालेले असत आणि आमच्याच घरात काहीतरी बिनसले आहे असे मला वाटत राही. आता पहिले वर्ष पूर्ण झाले आहे आणि मी जुलै २०२४ मध्ये भुसावळच्या घरी बसून हे लिहीत आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध दूरच्या विद्यापीठात जाताना कोणकोणते कागद लागले, किती दिवस थांबावे लागले, पैसे कुठे गेले आणि घरात काय काय घडले, ते क्रमाने लिहिते. तारखा, नियम आणि शुल्क दरवर्षी बदलतात. त्यामुळे माझे आकडे २०२३ चे समजावेत.

आमचे घर रेल्वेचे. पप्पा मालगाडीवर गार्ड आहेत; या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घरात आणि शेजारी अजून गार्डच म्हणतात. मुंबईहून वाराणसीला जाणाऱ्या महानगरी आणि कामायनी या दोन्ही गाड्या आमच्या भुसावळवरूनच जातात आणि त्या किती वाजता येतात, कुठे रखडतात, हे पप्पांना पाठ आहे. दादा बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला तेव्हा घरात फक्त खर्चाची चर्चा झाली होती. माझ्या वेळी खर्चाचा विषय सगळ्यांत शेवटी निघाला.

मला पुरातत्त्व शिकायचे होते. माझे आजोळ नंदुरबार जिल्ह्यात, प्रकाशे गावाजवळ आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या या गावी १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले होते. लहानपणी मामासोबत नदीकडे गेले की मातीत खापराचे तुकडे दिसत आणि मामा म्हणे, “हे तुझ्या पणजीच्याही पणजीच्या आधीचे.” एवढ्यावरून माझे मन त्या विषयात गुंतले. बारावी कला शाखेत असताना बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विषय बी. ए.ला घेता येतो हे कळले आणि तेव्हापासून दुसरे काही सुचेना.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी हा विषय जेवताना काढला. २१ फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा होती. ती संपेपर्यंत थांबले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. पप्पांनी ताटावरून मान वर न करता विचारले, “पुण्यात काय कमी आहे?” मी म्हटले की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हा विषय प्रामुख्याने पदवीनंतर शिकवतात. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: “मग पदवी इथे कर आणि नंतर पुण्याला जा. तोपर्यंत मोठीही होशील.” हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. मी त्यांना सांगितले की बनारसच्या याच विभागाचे प्रमुखपद डॉ. अनंत सदाशिव आळतेकर या कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या मराठी माणसाने सांभाळले होते. पप्पा म्हणाले, “ते पुरुष होते.” त्यानंतर बराच वेळ कोणीच बोलले नाही. आई भांडी उचलताना एवढेच म्हणाली, “तुझ्या आजोळी प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. आपल्याकडे काशी असताना तिकडची कशाला?”

आजीचे म्हणणे निराळे होते. आमच्या देवघरात तांब्याचा एक छोटा गडू आहे, तोंड डाक लावून बंद केलेला. १९९६ साली आजी गावातल्या बायकांसोबत काशीयात्रेला गेली होती, तेव्हाचे गंगेचे पाणी त्यात आहे. परत आल्यावर घरात मावंदे झाले होते, आणि त्या पंगतीची आठवण आजी अजून काढते. “काशीस जावे नित्य वदावे” हे तिच्या तोंडचे रोजचे वाक्य. पण तिच्याही मनात काशी म्हणजे आयुष्याच्या उतारावर जायची जागा होती. सतरा वर्षांच्या मुलीने तिथे तीन वर्षे राहायचे, हे तिला पटायला वेळ लागला. तरीही नकार दिला नाही तो घरात तिनेच. “बघू,” एवढेच ती म्हणाली, आणि त्या महिन्यात मला तेवढे पुरले.

मार्चमध्ये मी सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरला, आणि तो घरी न सांगता भरला. अर्जाची मुदत ३० मार्चपर्यंत वाढली होती. तीन विषयांपर्यंत इतर मागासवर्गीय उमेदवारांना ७०० रुपये शुल्क होते. ते मी माझ्या साठवलेल्या पैशांतून, मैत्रिणीच्या मोबाइलवरून भरले. भाषेसाठी इंग्रजी, दुसरा विषय इतिहास आणि तिसरी सामान्य चाचणी, असे तीन पेपर निवडले. ही परीक्षा १३ भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मी माध्यम मराठी घेतले. अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो, म्हणून अडलेला प्रश्न इंग्रजीतूनही वाचावा. इतिहासाचा अभ्यास मात्र एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, पुस्तकांवर आधारित असतो. आपल्या बोर्डाचे पुस्तक कितीही पाठ असले तरी ते पुरत नाही. मी बोर्डाची परीक्षा संपल्यावर हिंदीतली एनसीईआरटीची पुस्तके आणून एप्रिल-मे त्यांवर काढले.

लपवलेले उघडे पडलेच. अर्जात संपर्कासाठी मी घरातला, म्हणजे आईचा मोबाइल क्रमांक दिला होता, आणि मेच्या मध्यावर परीक्षेचे शहर कळवणारा संदेश आईच्या हाती पडला. ती ओरडली नाही. फोन माझ्यासमोर ठेवून तिने विचारले, “हे पप्पांना मी सांगू की तू सांगतेस?” मी सांगितले. पप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दूर जाण्यापेक्षा लपवण्याचा त्यांना अधिक राग आला होता, आणि तो राग योग्यच होता. वाचणाऱ्यांपैकी कोणी या टप्प्यावर असेल तर माझी विनंती आहे की नकार मिळणार हे माहीत असले तरी अर्ज सांगून भरावा. त्या सातशे रुपयांच्या अर्जामुळे पुढचे सहा महिने माझ्या प्रत्येक बोलण्यावर ‘अजून काय लपवले आहेस?’ हा प्रश्न उभा राहिला.

केंद्र जळगावला होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, खान्देशातल्या भर उन्हात, आई माझ्यासोबत आली. पप्पांनी तिला जाऊ नकोस असे म्हटले नाही, एवढीच त्यांची परवानगी. केंद्राबाहेर सावलीला जागा नव्हती. मी पेपर देऊन बाहेर आले तेव्हा आई एका बंद टपरीच्या फळीखाली, डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसली होती आणि तिच्या हातातल्या बाटलीतले पाणी तिने माझ्यासाठी तसेच राखून ठेवले होते. ते पाणी गरम झाले होते. मी ते उभ्यानेच प्यायले. पेपर कसा गेला हे तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

त्याच सुमारास, २५ मे रोजी, बारावीचा निकाल लागला. सीयूईटीचा निकाल १५ जुलैला आला. मधल्या दीड महिन्यात पप्पांनी एक अट घातली: भुसावळच्या महाविद्यालयात बी. ए.ला प्रवेश घेऊन ठेवायचा. मी घेतला. इथे एक खाच आहे. प्रवेश घेताना महाविद्यालय शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करून घेते, आणि पुढे दुसरीकडे जायचे ठरले की तोच दाखला लागतो. तो प्रवेश रद्द केल्याशिवाय परत मिळत नाही. म्हणून दाखल्याच्या आणि गुणपत्रिकेच्या पाच-पाच साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात आणि मूळ कागद कोणत्या तारखेला कोणाकडे दिला, ते वहीत लिहून ठेवावे. बोर्डाचे मायग्रेशन, म्हणजे स्थलांतराचे, प्रमाणपत्रही याच काळात मागवून ठेवावे. जळगाव जिल्हा नाशिक विभागीय मंडळाखाली येतो, आणि ऐन वेळी तिकडे धावपळ करण्याची पाळी आली तर दोन दिवस तरी त्यात मोडतात.

सगळ्यांत अधिक त्रास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राने, म्हणजे इतर मागासवर्गीय कुटुंब सधन गटात मोडत नाही हे सांगणाऱ्या कागदाने, दिला. केंद्रीय विद्यापीठाला केंद्र सरकारच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. राज्यातल्या प्रवेशासाठी आपण काढतो ते चालत नाही. शिवाय आपली जात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, म्हणून आधी ते तपासावे लागते. आमची दोन्ही याद्यांत आहे. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रावर अर्ज दिला. छायाप्रती, प्रतिज्ञापत्र आणि केंद्राचे पैसे मिळून तीनशेच्या आसपास खर्च आला. पावतीवर एकवीस दिवसांची मुदत होती. सव्विसाव्या दिवशी अर्ज नामंजूर झाल्याचे कळले, कारण पप्पांचा पगार धावत्या भत्त्यासह आठ लाखांच्या वर जातो असे लिपिकाने लिहिले होते.

या ठिकाणी पप्पा पहिल्यांदा मध्ये पडले. केंद्राच्या नियमानुसार उत्पन्नाची कसोटी लावताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरायचे नसते. पालक कोणत्या गटातल्या पदावर आहेत हे पाहायचे असते, आणि गार्डचे पद क गटात येते. ८ सप्टेंबर १९९३ चे केंद्राचे मूळ परिपत्रक आणि १४ ऑक्टोबर २००४ चे त्याचे स्पष्टीकरण यांत हे आहे. पप्पांनी रात्रपाळीहून आल्यावर अंघोळ करून, न झोपता, दोन्ही परिपत्रकांच्या प्रती घेतल्या आणि ते मला घेऊन कार्यालयात गेले. तिथे त्यांनी आवाज चढवला नाही. परिच्छेदावर बोट ठेवून ते म्हणाले, “साहेब, हे आपण वाचून घ्या, आणि तरीही नामंजूर करायचे असेल तर कारण लेखी द्या.” नऊ दिवसांनी प्रमाणपत्र मिळाले. घरी येताना मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडले, तर ते म्हणाले, “हे काशीसाठी केलेले नाही. हा कागद तुला कुठेही लागेल.” परिपत्रकांच्या त्या प्रती माझ्याकडे अजून आहेत, आणि ज्यांचे पालक नोकरीत आहेत त्यांनी अर्जासोबतच त्या जोडाव्यात असे मी आवर्जून सांगेन.

निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. सीयूईटी दिली म्हणजे आपोआप नाव जात नाही. पसंतीक्रम भरताना मुख्य परिसर, तिथले महिला महाविद्यालय आणि विद्यापीठाशी जोडलेली शहरातली महाविद्यालये असे पर्याय असतात. मी सगळे भरले. त्या रात्री आईने तिच्या फोनवर काही जुन्या बातम्या शोधून माझ्यासमोर धरल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींनी छेडछाडीविरुद्ध आणि सुरक्षिततेसाठी केलेल्या आंदोलनाच्या, आणि त्यांच्यावर झालेल्या लाठीमाराच्या त्या बातम्या होत्या. मला त्या आधीच ठाऊक होत्या आणि मी त्याबद्दल बोलले नव्हते. ‘असे कुठेही घडते’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले, पण ते आईच्या भीतीचे उत्तर नव्हते. मी तिला म्हटले की मला याचे उत्तर देता येत नाही. वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, रात्री परतायची वेळ काय, अडचणीत कोणाला फोन करायचा, एवढे मी शोधून लिहून देऊ शकते. दुसऱ्या दिवशी मी ते एका कागदावर लिहून दिले आणि आईने तो कागद डाळीच्या डब्याखाली ठेवला.

ऑगस्टमध्ये पहिली यादी लागली तेव्हा माझे नाव कुठेच नव्हते. घरात कोणी काही बोलले नाही, पण स्वयंपाकघरातला ताण सैल झाल्याचे मला जाणवले, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या यादीत जागा मिळाली ती राजघाटावरच्या वसंता महिला महाविद्यालयात. ॲनी बेझंट यांनी १९१३ मध्ये सुरू केलेले हे महाविद्यालय बनारस हिंदू विद्यापीठाशी जोडलेले आहे आणि पदवी विद्यापीठाचीच मिळते. मुख्य परिसर तिथून आठ-दहा किलोमीटर दूर आहे, हे खरे. पण पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला राजघाटासारखी जागा नाही, कारण प्राचीन काशीचे अवशेष याच टेकाडात आहेत. ते कसे सापडले हे मी पप्पांना मुद्दाम सांगितले: १९४० च्या सुमारास काशी रेल्वे स्थानकाच्या विस्तारासाठी माती खणताना ठेकेदाराच्या माणसांना जुन्या वस्तू मिळाल्या, आणि त्यावरून पुढे उत्खनन झाले. पप्पांनी पहिल्यांदाच या विषयात स्वतःहून प्रश्न विचारला, “कुठल्या बाजूला खणत होते, पुलाच्या का?”

पैसे भरायला फार थोडा वेळ असतो, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. माझी मुदत दुसऱ्या दिवशी रात्री संपत होती. माझे स्वतःचे खाते होते, पण त्यात तेवढी रक्कम नव्हती. पप्पांचे कार्ड घरी होते आणि त्यांचा फोन त्यांच्यासोबत मालगाडीवर खंडव्याच्या दिशेने गेला होता. ड्यूटीवर ते फोन हाताळत नाहीत. मी दुपारी तीनपासून दर तासाला संकेतस्थळ उघडून बघत बसले. आईने तिन्हीसांजेला दिवा लावला आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. रात्री पावणेदहाला पप्पांचा खंडव्याच्या रनिंग रूममधून, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहातून, फोन आला. मी रक्कम सांगितली. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी भाजीला फोडणी देत होते. बराच वेळ काही उत्तर आले नाही, मग ते म्हणाले, “टाक कार्डाचा नंबर.” संदेश त्यांच्या फोनवर गेला आणि त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले. रेल्वेत एकमेकांना नंबर सांगतात तसे, प्रत्येक आकडा सुटा, आणि शेवटी “परत म्हणून दाखव.” मी परत म्हटले. पैसे गेले. “पावती काढून ठेव,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. प्रवेशाच्या काळात ज्या खात्यातून पैसे जाणार त्याचा फोन कोणाच्या हाती आहे, हे आधीच पाहून ठेवावे, किंवा रक्कम स्वतःच्या खात्यात मागून घ्यावी. त्या सात तासांची आठवण मला नको वाटते.

भुसावळचा प्रवेश रद्द करताना महाविद्यालयाने सुरुवातीला शुल्क परत मिळणार नाही असे सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यावे, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास हजार रुपयांहून अधिक कापू नये, असे कळवले होते. त्या सूचनेची छापील प्रत अर्जाला जोडल्यावर दाखला तीन दिवसांत आणि पैसे पाच आठवड्यांनी मिळाले.

खर्चाचा हिशेब दादाने मांडला. पुण्यात त्याची खोली, मेस आणि प्रवास यांवर वर्षाला जे जाते, त्याहून माझे शुल्क, वसतिगृह, जेवण आणि चार वेळा येण्याजाण्याचे स्लीपरचे भाडे मिळून कमी भरत होते. सगळे एक लाखाच्या आत बसत होते. हा कागद मी फेब्रुवारीतच करायला हवा होता असे मला वाटले. पण तो पाहून पप्पा जे म्हणाले, त्यावरून फेब्रुवारीतही फरक पडला नसता. ते म्हणाले, “पैशाचे मी कधी बोललो का?”

वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालकाचे नाव आणि सही लागत होती, आणि आमचे वाराणसीत कोणी नव्हते. हा प्रश्न आजीने सोडवला. तिच्या पेटीत १९९६ च्या यात्रेतले तीर्थोपाध्यायांचे, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या तिथल्या पुरोहितांचे, पत्त्याचे कार्ड होते. काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी आहेत. आपल्याकडून जाणाऱ्या यात्रेकरूंची नावे त्यांच्या वह्यांत असतात. कार्डावरचा क्रमांक बंद होता. पप्पांनी त्यांच्या ओळखीने, कोणा सहकाऱ्याच्या कोणा नातेवाइकाकरवी, तीन दिवसांत त्या घरचा नवा क्रमांक मिळवला. फोनवर पलीकडून जुन्या वळणाचे, स्वच्छ मराठी ऐकू आले. आजीने गावाचे नाव, आजोबांचे नाव आणि वर्ष सांगितले. दोन दिवसांनी त्या घरातल्या काकूंनी स्वतः फोन करून सांगितले की वहीत नोंद सापडली, आजीची सही आहे, आणि मुलगी इथे आली की पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली पाहिजे. त्या फोननंतर आईने माझ्यासाठी गोधडी शिवायला काढली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पप्पा आणि मी निघालो. पप्पांनी महानगरी नाकारली, कारण ती वाराणसीला मध्यरात्रीनंतर पोचते. त्यांनी कामायनी निवडली, दिवसाउजेडी उतरवणारी. एकट्या मुलीने प्रवास करताना गाडी किती वाजता सुटते याहून किती वाजता पोचते हे पाहावे, ही त्यांचीच सूचना आहे आणि मी ती आजवर पाळली आहे. हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर, साधारण वीस तास. खंडवा, इटारसी, भोपाळ, सतना अशी स्थानके गेली आणि आम्ही मिळून वीस वाक्ये बोललो असू.

महाविद्यालयात कागदांच्या तपासणीला अडीच तास लागले. मूळ कागदांचा एक संच आणि प्रतींचे तीन संच, अर्जातल्या यादीच्या क्रमानेच लावून न्यावेत. ज्यांचे तसे लावलेले होते त्यांचे काम लवकर झाले. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरून त्याचा क्रमांक द्यावा लागतो, आणि त्यात विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही हमी असते. म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासच्या विद्यार्थ्याने कितीही ठरवले तरी पालकांच्या नावाशिवाय ही वाट पुढे जात नाही, आणि नकार असलेल्या घरात हाच कागद सगळ्यांत जड जातो. पप्पांनी वसतिगृहाचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि सहीखाली सवयीने वेळ लिहिली: १२.४०. गार्डच्या कागदांवर प्रत्येक सहीपुढे वेळ असते. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो आकडा कशाचा म्हणून विचारले, तेव्हा ते थोडे गोंधळले आणि म्हणाले, “ड्यूटीची सवय.”

संध्याकाळी ते मालवीय पुलाकडे गेले. १८८७ सालचा हा पूल दुमजली आहे, खालून रेल्वे आणि वरून रस्ता. पप्पा काशी स्थानकाच्या फलाटाच्या टोकाला उभे राहून एकामागून एक गाड्या पुलावर चढताना पाहत होते. मी शेजारी उभी होते. त्यांनी मला टेकाडाकडे बोट करून विचारले, “ते खोदकाम याच अंगाला झाले ना?” मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी ते परत गेले.

पहिले दोन महिने कठीण गेले. जेवणात ज्वारी-बाजरी नव्हती आणि खान्देशी तिखट नव्हते. वर्गातली हिंदी वेगाने बोलली जाई आणि मला मधूनमधून रडू येई. गणेशोत्सवात काकूंनी ब्रह्माघाटाकडे बोलावले. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीपुढे आरती म्हणताना मला पहिल्यांदा घशात काही अडकल्यासारखे न वाटता श्वास घेता आला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, १ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, विद्यापीठाच्याच परिसरातल्या आयआयटीच्या एका विद्यार्थिनीवर शस्त्राच्या धाकाने अत्याचार झाला. बातमी भुसावळला माझ्या आधी पोचली. पप्पांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. “दिवाळीला ये, आणि सामान घेऊन ये,” असे ते म्हणाले. मी घरी गेले, पण सामान नेले नाही. त्या दिवाळीत घरात जे बोलणे झाले ते सगळे इथे लिहिणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती आणि माझे उत्तर पूर्ण नव्हते. ज्या मुलीवर ते गुदरले होते तिच्याबद्दल बोलताना आई रडत होती आणि मीही. पाडव्याच्या दिवशी आजी म्हणाली की देवदिवाळीला आपण दोघी सासू-सुना हिच्यासोबत जाऊ. जागा डोळ्यांनी पाहू आणि मग काय ते ठरवू.

त्याप्रमाणे २७ नोव्हेंबरच्या कार्तिक पौर्णिमेआधी आम्ही तिघी गेलो. आजी काकूंकडे राहिली. आई माझ्या खोलीत आली, खाटेवर बसली, मग उठून तिने दाराची कडी लावून पाहिली, काढली आणि पुन्हा लावून पाहिली. खिडकीचे गज हाताने हलवून पाहिले. सोबत राहणाऱ्या मुलीला तिच्या गावाबद्दल विचारले आणि तिच्या हातावर लाडूंचा डबा ठेवला. खाली उतरून तिने पहारेकऱ्यांशी तोडक्यामोडक्या हिंदीत दहा मिनिटे बोलून त्यांचा क्रमांक घेतला. निघताना ती म्हणाली, “रोज रात्री साडेआठला फोन. एक दिवस चुकला तर मी गाडीत बसेन.” मी एकही दिवस चुकवला नाही. परीक्षेच्या काळात तो फोन अर्ध्या मिनिटाचा होता, पण होता.

वर्षाच्या शेवटी मला बरे गुण मिळाले. ते मी पप्पांना सांगितले तेव्हा त्यांनी टेकाडाच्या खोदकामात किती थर सापडले असे विचारले, आणि मी त्यांना वहीतली आकृती दाखवली. पण गेल्या आठवड्यात मावशी आली होती तेव्हा ते तिला म्हणाले, “आमच्या मनात नव्हते. अजून नाही.” मी आतल्या खोलीत होते आणि मला ते ऐकू आले.

दुसऱ्या वर्षाच्या वसतिगृहासाठी पुन्हा नवा अर्ज भरावा लागतो आणि त्यावर पालकांची सही पुन्हा लागते. मी तो भरून चार दिवसांपूर्वी टीव्हीशेजारी ठेवला आहे. मुदत सोमवारची आहे. काल त्याची जागा बदललेली दिसली आणि त्याच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, म्हणजे कोणीतरी तो बसून वाचला आहे. सही अजून झालेली नाही. पप्पांची गाडी आज बडनेऱ्याहून निघाली आहे, रात्री दहापर्यंत ते घरी येतील. मी कागदावर पेन ठेवले आहे.